तेरा पगारांचं वर्ष

वाशीम, ९ एप्रिल १९४३

मेडशी मुक्कामी दौलतमामांना आणि मामींना इंद्रभानचा दंडवत पोचावा.

पाडव्याला तुमच्या ओट्यावर तुळसाच्या लग्नाचं जे बोलणं झालं ते वाशीमला पोचेपर्यंत मनात घोळत होतं. मोटार कोळशावरची, दर चढाला उतरून ढकलावी लागते, त्यामुळे घोळवायला वेळही भरपूर मिळाला. आधी राग आला होता. तो तुम्हालाही कळला असेल, कारण पाण्याचा तांब्या मी जरा जोरानेच खाली ठेवला. त्याची माफी असावी.

तुम्ही म्हणालात, "लगन जमवाच्या वक्ती पोट्ट्याचा पगार दुप्पट होते, आन् लगन झालं का अर्धा. मले तोंडचा पगार नको. सालाच्या शेवटी थो इनकमटॅक्साचा कागद भेटते ना तुमाले, थो आन. सरकारले कोनी वाढवून सांगत नाही." ओट्यावरचे सगळे हसले. मी हसलो नाही, पण मोटार ढकलता ढकलता पटलं की बोलणं खरं आहे. थोरल्या लेकीला, सोजरताईला, तुम्ही अकोल्याचा कंपाउंडर पाहून दिलात आणि लग्नानंतर कळलं की जावई कंपाउंडर नाहीत, कंपाउंडरचे दोस्त आहेत. असं एकदा पोळलेल्या माणसाने कागद मागितला तर त्यात चूक काय?

तेव्हा कागद येईल. वर्ष ३१ मार्चला संपलं. लढाईमुळे कराची रेष खाली उतरली आहे, लहान पगारही आता हिशेबात येतात, त्यामुळे आमच्या फुलचंद शेठच्या जिनिंग फॅक्टरीत यंदा ऑफिसातल्या आणि मशीनवरच्या झाडून सगळ्या कायम नोकरांना हे दाखले मिळणार आहेत. कर कापला असेल त्याला कापल्याचा, नसेल त्याला नसल्याचा. पगार मात्र प्रत्येकाचा लिहिलेला असतो. आठ दिवसांत तुमच्या हातात देतो. तुम्ही मुदत अक्षय तृतीयेची दिली आहे, मला तेवढीही लागणार नाही.

शिरपूरचं जे स्थळ तृतीयेला तुमच्याकडे येणार आहे, त्याच्याकडून कोणता कागद मागितलात हे कळलं नाही. दुकानदाराचा तराजू साक्ष देतो काय? राहू द्या. बोलणार नव्हतो.

तुम्ही विचारलंत की कॉलेज मधातच का सोडलं. तेव्हा नीट सांगता आलं नाही. अमरावतीची हवा मला मानवली नाही.

मामा, तुमच्या डोळ्यांवर पडदा आल्यापासून घरात पत्रं कोण वाचून दाखवतं आणि तुमची कोण लिहून देतं, हे मला ठाऊक आहे. वाचणारीने कृपा करून पुढची ओळ मोठ्याने वाचू नये. पाडव्याला दाराआड बांगड्या वाजल्या त्या मी ओळखल्या, आणि तांब्या त्यामुळेही जोरात ठेवला गेला.

आता पुन्हा मोठ्याने. तुरीच्या शेंगा आईला पोचल्या. तिने आठवण काढली आहे.

तुमचा,
इंद्रभान


वाशीम, २२ एप्रिल १९४३

दौलतमामांना दंडवत.

आठ दिवस म्हणालो होतो, आज तेरावा. कागद नाही. कारण सांगतो, पण आधी हे सांगतो की कारण ऐकून मीही तुमच्याइतकाच चिडलो होतो, आणि चिडून जे केलं त्याचं फळ भोगतो आहे.

आमच्या ऑफिसात गोपीचंद मुनीम आहेत. फॅक्टरी बांधली तेव्हापासून त्याच गादीवर, त्याच तक्क्याला टेकून. रोज सकाळी मी त्यांच्यासमोर उभा राहायचो. ते म्हणायचे, "अकोल्याले गेला हाय गठ्ठा. येईन तवा येईन." पाचव्या दिवशी म्हणाले, "काय जवाईबापू, कागद म्हंजे काय भजे हायेत? तेलात टाकले का काढले?" ऑफिसातल्या सगळ्यांना माझं प्रकरण माहीत झालेलं, तुमच्या भगिनी हिरीबाईंच्या कृपेने. त्या बाजारात वांगी विकतात तशा बातम्याही विकतात, आणि बातम्यांचे पैसे घेत नाहीत.

परवा गठ्ठा अकोल्याच्या इनकमटॅक्स ऑफिसातून परत आला. मी धावलो. मुनीमजींनी तो उघडला, वरचं पत्र वाचलं, पुन्हा बांधला आणि गादीखाली सारला.

"माझा द्या," मी म्हणालो.

"कोनालेच भेटनार नाही. चुकला."

"काय चुकलं?"

"सारंच चुकलं. आता निवांत करू."

मामा, मग माझा तोल गेला. मी म्हणालो, तुम्ही मुद्दाम दाबून बसता. नोकराचा कागद मालकाच्या हातात असला की नोकर मुठीत राहतो, दुसरीकडे जात नाही, उधारी मागत नाही, लग्नसुद्धा करत नाही. हे म्हणताना मी गादीवर हात आपटला आणि शाईची दौत चालू वहीवर सांडली. आवाज ऐकून फुलचंद शेठ बाहेर आले. त्यांनी वहीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं गेली नोकरी. शेठ शांतपणे म्हणाले, "गोपीचंदजी, लडका बहुत जल्दीवाला है. ये सारा काम इसीको दे दो."

तेव्हापासून वाशीमच्या एका फॅक्टरीत कागद कोण दाबून बसला आहे असं कोणी विचारलं, तर त्याचं उत्तर मी आहे.

चूक काय झाली ते ऐकाल तर हसाल. आमच्या फॅक्टरीत पगार अमावास्येला होतो. मुनीमजींचं वर्ष दिवाळीला सुरू होतं आणि दिवाळीला संपतं. सरकारचं वर्ष एप्रिलात सुरू होतं आणि मार्चात संपतं. आता एरवी वर्ष कुठूनही धरा, माणसाचे पगार बाराच. म्हणून मुनीमजी दिवाळीचा आकडा उचलून सरकारच्या वर्षाखाली लिहून द्यायचे आणि कोणाला काही कळायचं नाही. पण मागच्या साली जेठ अधिक होता. दिवाळी ते दिवाळी अमावास्या आल्या तेरा. मुनीमजींनी सवयीने तोच आकडा उचलला, शेठने सवयीने सह्या केल्या, शिक्के मारले आणि गठ्ठा अकोल्याला गेला. तिथे ज्यांचा कर कापला त्यांचं कर भरल्याचं चलन होतं बारा महिन्यांचं आणि पगार तेरा. साहेबाने विचारलं आहे की तुमच्या वाशीमला वर्षात महिने किती असतात.

मागच्या अधिक महिन्याला हे का उघडं पडलं नाही, असं तुम्ही म्हणाल. तेव्हा लढाई नव्हती आणि आमच्यासारख्यांची नावं या कागदांत नव्हतीच.

आता सगळ्यांचं पहिल्यापासून. एप्रिल ते मार्च, दिवस धरून. मला वाटलं होतं दोन संध्याकाळींचं काम. पण हजेरीत जो रामधन फिटर आहे तो वहीत रामधन मारोती आहे आणि उचलीच्या चिठ्ठीवर नुसता 'प्रेसवाला' आहे. हे तिन्ही एकच, हे त्याला विचारल्याशिवाय कळत नाही, आणि तो मशीनखाली झोपून असतो. महागाईबद्दल शेठने तीन महिने पैशांऐवजी ज्वारी दिली. ती पगारात धरायची का, धरली तर कोणत्या भावाने? दिल्या दिवसाच्या की आजच्या? मुनीमजींना विचारलं तर म्हणतात, "तूच सांग बापा. तू कॉलेजचा."

तरी मी करतो. तृतीयेच्या आत करतो. शिरपूरवाल्यांना तोवर काही शब्द देऊ नये ही हात जोडून विनंती.

वाचणारीने ही ओळ मनात वाचावी. मला मोजता येतं, नुसतं बोलता येतं असं नाही.

इंद्रभान


वाशीम, ३ मे १९४३

दौलतमामांना दंडवत.

सोबत कागद आहे. शेठची सही आहे, फॅक्टरीचा शिक्का आहे, पगाराचा आकडा आहे. मामींना, शेजाऱ्यांना, ज्याला म्हणाल त्याला दाखवून खात्री करावी. नाही, शेजाऱ्यांना नको. घरचा मामला घरात राहावा.

तुम्ही पाडव्याला जे मागितलं ते तृतीयेच्या आत तुमच्या हातात दिलं. आता निवाडा तुमच्याकडे.

पाकीट हिरीबाईंच्या हाती देतो आहे. डाकेचा भरवसा नाही, आणि थांबायला वेळही नाही.

इंद्रभान


वाशीम, १४ मे १९४३

दौलतमामा,

हे पत्र वाचणारीने यातली एकही ओळ गाळू नये आणि कोणतीही ओळ मनात वाचू नये. सगळं मोठ्याने वाचावं. असं सांगायची पाळी माझ्यावरच आली.

तुमचं कार्ड नवमीला मिळालं. शिरपूरच्या लोकांना तुम्ही नाही म्हणून कळवलं, पौर्णिमेला सुपारी फोडायला माझ्या आईला आणि चार माणसांना घेऊन ये, असं लिहिलंत. ते अक्षर मी किती वेळा वाचलं हे सांगत नाही. आईने शेजारणीकडून पातळ मागून आणून ठेवलं आहे. हे सगळं झाल्यावर मी हे लिहितो आहे, तृतीयेच्या आधी लिहिलं असतं तर थोडं सोपं गेलं असतं.

तृतीयेच्या आत पाठवलेला कागद खोटा नाही, पण खराही नाही. सही खरी, शिक्का खरा. तो परत आलेल्या गठ्ठ्यातला आहे. तेरा पगारांचा. नवे कागद तयार व्हायला अजून बराच वेळ होता, तृतीया चार दिवसांवर होती, आणि तो माझ्याच टेबलावर पडला होता. मी मनाशी म्हणालो, तेरा पगार मिळाले हे तर खरंच ना, चोरले तर नाहीत. पण तुम्ही त्याला बारांनी भागणार आणि दर महिन्याचा माझा पगार आहे त्याहून जास्त समजणार, हे मला पाठवताना पक्कं माहीत होतं. सरकारला कोणी वाढवून सांगत नाही, असं तुम्ही म्हणालात. मी सरकारलाच वाढवून सांगितलेला कागद शोधून तुम्हाला दिला.

हे आज का सांगतो?

अकोल्याच्या साहेबाने लिहिलं आहे की चुकलेले सगळे कागद रद्द करून, आडवी रेघ मारून, नव्या गठ्ठ्याला जोडा. एकाही माणसाचे दोन कागद बाहेर राहता कामा नयेत. दोन दिवसांपूर्वी नवे कागद पुरे झाले. मी जुन्यांवर एकेक करून रेघ मारत गेलो. रामधन टेबलाशी उभा होता. म्हणाला, "भाऊ, माहा जुनाच दे ना. भाच्याले जामीन राहाचं हाय. मोठा आकडा असला का कोर्टातले बाबू नीट बोलते." मी म्हणालो, नाही देता येत, रद्द झाला. "कोन पाह्यते?" मी म्हणालो, मी पाहतो. आणि त्याच्या कागदावर त्याच्या डोळ्यांसमोर रेघ मारली. तो नुसता जिना उतरून गेला. भांडला असता तर बरं होतं.

त्यानंतर मोजले. एक कमी. कोणाचा ते मला मोजायच्या आधीच ठाऊक होतं.

मामा, आता माझ्या एका कागदापायी सगळ्यांचे अडकले आहेत. कोणाला जामिनासाठी हवा आहे, कोणाला जास्त कापलेला कर परत मागायचा आहे, भुरीबाईचा नवरा वारला तिला त्याचा हिशेब पुढे दाखवायचा आहे. ती रोज येऊन जिन्याच्या पायरीवर बसते आणि काही मागत नाही. सगळे मला विचारतात आणि मी म्हणतो, होऊन राह्यलं. मुनीमजी तक्क्याला टेकून विचारतात, "कोन दाबून बसला रे कागद?" काल त्यांना मी खरं सांगितलं. त्यांनी पानाची पिंक टाकली आणि म्हणाले, "याच्यात कायले रडते? लिव्हून टाक, एक कागद उंदरानं खाल्ला. सरकीच्या गोदामात उंदीर कमी हायेत काय? अकोल्याचा साहेब उंदराले साक्षीले बलावते का?"

तसं लिहिलं तर सगळ्यांचं काम होतं. माझी सुपारीही फुटते. तुम्हाला कधी कळलंही नसतं. मी लिहायला टाक उचललाही होता.

पण तुळसा कधीतरी माझ्या घरी अमावास्येला पगार मोजेल. पहिल्या महिन्याला म्हणेल, या खेपेस कमी आला. दुसऱ्या महिन्यालाही म्हणेल. तिसऱ्या महिन्याला काहीच म्हणणार नाही. सोजरताई आता काही म्हणत नाहीत, असं तुम्हीच त्या दिवशी ओट्यावर सांगितलंत. मला ते आठवलं आणि टाक खाली ठेवला.

म्हणून तो कागद परत पाठवावा. सुपारीचं काय करायचं ते तुम्ही ठरवा. मी आईला अजून काही सांगितलेलं नाही.

मुनीमजींवर जे बोललो होतो तेही परत घेतो. ते दाबून बसले नव्हते. प्रत्येकाला वाटतं आपला एकच कागद, त्याला कितीसा वेळ लागतो. एकाला नसेलही लागत. पण तो सगळ्यांच्या बरोबरीने जुळावा लागतो, आणि त्यात एक माझ्यासारखा निघाला की सगळे थांबतात.

इंद्रभान


वाशीम, २० मे १९४३

तुळसा,

तुझ्या नावाने हे पहिलं पत्र. पाकिटावर तुझं नाव लिहिताना शेजारच्या टेबलावरचा कारकून मान लांब करून पाहत होता. मी लपवलं नाही, कारण परवानगी आहे. ती कशी मिळाली हे तुला मामांनी सांगितलं असेल असं वाटत नाही. ते घरी जाऊन नुसतं "दिला कागद" म्हणाले असतील आणि जेवायला बसले असतील.

परवा सकाळच्या मोटारीने ते आले. एक हात हिरीबाईंच्या खांद्यावर. मी टेबलाशी होतो आणि जिन्याच्या पायरीवर भुरीबाई, तिच्यामागे रामधन, आणखी दोघेतिघे, असे सगळे रोजच्यासारखे बसलेले. मामा त्यांच्यातच जाऊन बसले. मला वाटलं त्यांना दिसत नाही म्हणून बसले असतील. हिरीबाई बोलायला निघाल्या तर त्यांनी हात दाबून त्यांना गप्प केलं. बसले आणि ऐकत राहिले. लोक विचारत होते आणि मी तेच ते उत्तर देत होतो. असं बराच वेळ चाललं. मग भुरीबाईने त्यांना विचारलं, "बाबा, तुमचाबी कागद अडकला काय?"

मामा म्हणाले, "नाही माय. तुमचा माह्यापाशी अडकला."

उठले, पटक्याच्या घडीतून कागद काढला आणि आवाजाच्या रोखाने येऊन माझ्या टेबलावर ठेवला. म्हणाले, "घे. सरकारले वाढवून सांगनारा तू पयलाच भेटला मले. एवढं माहं वय झालं, असा मानूस पाह्यला नव्हता." सगळं ऑफिस हसलं, मुनीमजींची तर पिंक उपरण्यावर सांडली. पाडव्याला ओट्यावर हसले होते तेव्हा मी पेटलो होतो. परवा पेटलो नाही. त्यांच्यासमोर कागदावर रेघ मारली.

मामांनी मुनीमजींना विचारलं, "यानं तुमाले सांगतलं तवा तुमी काय म्हनलं?"

"म्या म्हनलं, उंदरानं खाल्ला म्हून लिव."

"मंग?"

"नाही लिवलं बेट्यानं. गरम डोक्याचा हाय. गरम डोक्याचे लोक उंदरावर नाही ढकलत, म्या पाह्यलं."

मामांनी टेबलाची कड चाचपून धरली. मग म्हणाले, आणि हे मी तुला त्यांच्याच शब्दांत सांगतो, "पोरगी पत्र वाचता वाचता मधात थांबली. म्या म्हनलं काय झालं? तं म्हने, कायी नाही बाबा, अक्षर लागत नाही. याचं अक्षर कवा नाही लागलं तिले? मंग पुढं वाचलं. पुरं वाचलं. तिले गाळता आलं असतं ना बापा. मले कोठं दिसते."

तुळसा, पत्र लिहिताना मी तुला गाळू नकोस असं लिहिलं खरं, पण पाकीट डाकेत टाकल्यावर मला एकदा वाटून गेलं की हिने गाळलं तर बरं होईल. आपलं दोघांचं भलं होईल. तू ज्या ओळीवर थांबलीस तिथे तुलाही तेच वाटलं असेल काय? तू विचार केलास आणि वाचलंस. मी आधी कागद पाठवला आणि मग विचार केला. एवढा आपल्या दोघांत फरक आहे.

मामा म्हणाले, "पौर्निमेची सुपारी मोडली." मी मान खाली घातली. ते पुढे म्हणाले, "खरा कागद येऊ दे. तवा पाहू. जेठात आला तं जेठात, नाही तं कार्तिकानंतर." मी म्हणालो, अकोल्याला किती दिवस लागतील हे मला सांगता येत नाही. "मी इचारलं काय तुले?" असं म्हणाले आणि जिना उतरायला लागले. खालच्या पायरीवर थांबून, मागे न वळता म्हणाले, "आन् मले पत्र लिवू नको आता. माह्या नावानं लिव्हते आन् दुसरीले सांगते, मनात वाच, मोठ्यानं वाच. मी काय बयरा हाव? तिच्याच नावानं लिव."

हिरीबाईंनी माझ्याकडे पाहून एक वांगं टेबलावर ठेवलं. त्याचा अर्थ मला अजून कळला नाही, पण रात्री भाजून खाल्लं.

आईला सुपारी मोडल्याचं सांगितलं तेव्हा तिने पातळ शेजारणीला परत केलं नाही. म्हणाली, राहू दे, ती काही मागत नाही लगेच.

नवा गठ्ठा आज सकाळच्या गाडीने गेला. रद्द केलेले सगळे जोडून. अकोल्याला कोणीतरी आता टेबलाशी बसून माझं नाव, माझे दिवस, माझा पगार लावून पाहत असेल. त्याच्या टेबलावर असे गठ्ठे किती असतील आणि त्या प्रत्येकाच्या मागे पायरीवर कोण कोण बसलं असेल, हे महिन्यापूर्वी माझ्या डोक्यात आलं नसतं. महिन्यापूर्वी मी अकोल्याला जाऊन त्याचीही दौत सांडली असती.

कागद येईल तेव्हा मामांना दे. तुला मात्र त्याच्या आधी मीच सांगतो. पगार बारा. तेरावा महिना तीन वर्षांत एकदा येतो आणि तोही गिळून टाकणारी लढाई आहे. माझ्या पगारात आई आणि मी भागतो, तिसऱ्या माणसाचं ओढूनताणून भागेल. चौथ्याचं काय ते मला माहीत नाही. डोकं गरम आहे हे तू ऐकलंस. कॉलेज पुन्हा होणार नाही. आणि अमरावतीच्या हवेत काही वाईट नव्हतं. तिथे मला कोणीतरी सांगितलं की दौलतमामा मुलीला स्थळं पाहून राह्यले, आणि त्याच संध्याकाळी मी ट्रंक बांधली. हे मी मामांना सांगू शकलो नाही.

या सगळ्या खटाटोपात मामांनी मला विचारलं, मी मामांना विचारलं, मुनीमजींनी उंदराला विचारायची तयारी दाखवली. तुला कोणी विचारलं नाही. मीही नाही. तुझं अक्षर माझ्याकडे चार कार्डांवर आहे आणि चारही कार्डांवर शब्द मामांचे आहेत.

तेव्हा आता विचारतो. हा असा पगार, हे असं डोकं, ही आई, वाशीमची ही खोली. तुला यायचं आहे काय? नाही असेल तर नाही लिही, मामांना मी सांगेन की माझ्याकडूनच मोडलं. हो असेल तर कारणासकट लिही, कारण मला खरंच कळत नाही की का म्हणून हो म्हणशील.

लगेच लिहू नकोस. नीट जुळव, आणि जुळलं तरच लिही.

तुझा,
इंद्रभान